सोमवारी सकाळी कचरा उचला: पानशेत-वरसगाव परिसरातल्या बंगलेधारकांना खुले पत्र

प्रति,
पानशेत आणि वरसगाव धरणांच्या परिसरातील सर्व बंगलेधारक
आणि आपापल्या वसाहतींच्या व्यवस्थापन समित्या

माहितीसाठी: परिसरातील ग्रामपंचायतींचे सरपंच

विषय: सुक्या कचऱ्याचे दर सोमवारी दारातून संकलन सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर संपायच्या आत आपल्यापैकी बहुतेक वसाहतींच्या वार्षिक सभा होतील. विषयपत्रिका साधारण ठरलेली असते: अंतर्गत रस्ते, सीसीटीव्ही, बोअरवेलची मोटर, थकबाकीदार. कचऱ्याचा विषय निघालाच तर तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात निघतो, आणि तोवर निम्मी मंडळी जेवायला उठलेली असतात. यंदा तसं होऊ नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. आपल्या वसाहतींतला सुका कचरा दर सोमवारी सकाळी बंगल्याच्या दारातून गोळा व्हावा, आणि त्याचा खर्च आपण बंगलेवाल्यांनी बारा महिने उचलावा.

सोमवारच का, हे आधी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे.

आपली वस्ती शनिवार-रविवारची. शनिवारी सकाळी खानापूरमार्गे गाड्या येतात. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गर्दी व्हायच्या आत पुणं गाठायचं म्हणून दुपारी तीन-चारपासून लोक निघायला लागतात. आठवड्याचा जवळजवळ सगळा कचरा या दीड दिवसात होतो. त्यात पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, बार्बेक्यूची फॉइल, मागवलेल्या बिर्याणीचे डबे, केकचे खोके, मुलांच्या चिप्सची पाकिटं, बिअरच्या बाटल्या, सगळं असतं. ग्रामपंचायतीची घंटागाडी जिथे आहे तिथे ती गावाच्या सोयीचा वार बघून येते, आणि ते योग्यच आहे. ती गाडी तिथे रोज राहणाऱ्या घरांसाठी आहे. आमच्या वसाहतीकडे ती गुरुवारी येते. तेव्हा आपल्या फाटकांना कुलपं असतात. म्हणजे रविवारी दुपारी बांधून ठेवलेली पिशवी चार रात्री उघड्यावर पडते. त्या चार रात्रींत कुत्री आणि रानडुकरं येतात, दिवसा वानरं येतात. ओला कचरा सुक्यात मिसळलेला असेल तर एक रात्रही पुरते. गुरुवारी गाडी येते तेव्हा उचलण्यासारखं काही उरलेलं नसतं. जे असतं ते रस्ताभर, गवतात आणि ओढ्यात गेलेलं असतं.

म्हणून केअरटेकर कचरा जाळतात.

आपल्या वसाहतीच्या मागच्या अंगाला, तारेच्या कुंपणापलीकडे, एकदा पायी जाऊन या. आमच्या वसाहतीमागे एक खड्डा आहे. कमरेइतका खोल, वर करवंदीची जाळी. आतली माती काळी आणि चिकट झालेली आहे. काडीने उकरलं की पाण्याच्या बाटलीचा गळा निघतो, झाकण तसंच घट्ट लावलेलं, खालचा भाग वितळून दगडाला चिकटलेला. चिप्सच्या पाकिटांचा वरचा रंग जळून जातो आणि आतला चंदेरी पापुद्रा तसाच राहतो, वाऱ्याबरोबर शेतात उडत जातो. डायपर जळत नाहीत. वरून काळे पडतात आणि पहिल्या पावसात फुगून वर येतात. तडकलेल्या बाटल्यांच्या काचा कडेकडेने पसरलेल्या असतात, आणि तिथूनच गावातली गुरं ओढ्यावर पाण्याला जातात.

आमच्या केअरटेकर दादांच्या घरच्या वहिनींना मी विचारलं, जाळता कशाला? त्या म्हणाल्या, "ताई, गाडी येती बेस्तरवारी. तवर ठिवायचं कुठं? कुत्री फाडून इस्कोट करत्यात, आन् पुन्हा शनवारी तुमी लोकं याच्या आत सगळं झाडून पायजेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपणच त्यांना दुसरा मार्ग ठेवलेला नाही. रविवारी गाडीत बसताना आपण "तेवढा कचरा बघा हं" म्हणतो. तो कुठे बघायचा, हे कधी सांगत नाही.

प्लास्टिक उघड्यावर, कमी आचेवर जळतं तेव्हा ते पूर्ण जळत नाही. त्यातून काजळी आणि विषारी वायू निघतात, आणि त्यात पीव्हीसी (क्लोरीन असलेलं प्लास्टिक) असेल तर डायऑक्सिन हे अतिविषारी रसायनही तयार होतं. हा धूर आपल्या व्हरांड्यापर्यंत क्वचितच येतो, कारण आपण गेल्यावर जाळ लागतो. तो केअरटेकरच्या खोलीत शिरतो, जिथे त्यांची मुलं अभ्यासाला बसलेली असतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई, म्हणजे एक प्रकारचा दंडच, ठरवून दिली. उद्या कोणी तपासणीला आलं तर काडी ओढताना सापडणारा माणूस केअरटेकर असेल आणि कचरा आपला असेल. हे मला सहन होत नाही, आणि आपल्यापैकी कोणालाही होऊ नये.

आता नेहमीचा मुद्दा येतो: आम्ही घरपट्टी भरतो, मग हे ग्रामपंचायतीचं काम नाही का?

कायद्याने आहेच. प्लास्टिक कचऱ्याचे २०११ चे नियम नगरपालिकांच्या हद्दीपुरते होते. २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतींवरही ही जबाबदारी टाकली. पण पैसे कुठून येतात, तेही बघा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२० पासून, ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्याच्या कामांसाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधीची तरतूद केली गेली. ८०० वस्तीच्या गावाला याचे ४८,००० रुपये होतात. आणि हे ८०० लोक कोण? गावात राहणारे. आपण त्यात नाही. आपली मोजणी कोथरूडला, औंधला, हडपसरला होते. गावाचा निधी गावाच्या डोक्यांवर येतो आणि शनिवार-रविवारी त्यात आपला कचरा मिसळतो. ज्या गावाला शंभर-दीडशे बंगल्यांनी वेढलंय, तिथे हे गणित जुळण्याची शक्यताच नाही.

घरपट्टीची पावती काढून बघा. तिच्यावर दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने असतात. आरोग्य कराच्या रकान्यातला आकडा वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा, तेवढ्या पैशात वर्षभर कोणी आपल्या दारातला कचरा नेईल का?

आणि हा परिसर साधा नाही. पानशेत म्हटलं की जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ हा धरणफुटीचा दिवस आठवतो. आजच्या पुणेकरांना निदान हे आठवावं की नळ सोडला की इथलंच पाणी येतं. पानशेतची साठवण १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगावची १२.८२. टेमघर आणि खडकवासला धरून चारही धरणांचे मिळून २९.१५ टीएमसी होतात, म्हणजे सुमारे ८० टक्के साठवण आपल्या या दोन धरणांत आहे. खड्ड्यातलं, ओढ्यातलं, कुंपणाबाहेरचं सगळं जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात उताराने खाली जातं आणि खाली धरण आहे. या खोऱ्यातल्या गावांनी या पाण्यासाठी जमिनी दिल्या. नदीकाठची चांगली भातखाचरं पाण्याखाली गेली आणि लोक वर डोंगराच्या अंगाला सरकले. त्याच डोंगरांवर आज आपले बंगले आहेत. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला. वास, माश्या, विहिरींचं खराब झालेलं पाणी, आंदोलनं, सगळं आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. तीच वेळ आणखी एका खोऱ्यावर आपण आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग पर्याय काय आहेत? इतर वसाहतींतल्या लोकांशी बोलले तेव्हा फिरून फिरून तीनच पर्याय पुढे आले.

पहिला, जे आणलं ते परत न्यायचं. हा पर्याय मला मनापासून आवडतो, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि येत्या शनिवारपासून सुरू करता येतो. पण नीट केला तरच. पुण्यात आपल्या दारात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात खरकट्याने बरबटलेली, चार घरांच्या पार्टीची पिशवी देणं म्हणजे तिच्यावर भार टाकणं. तोच माल धुतलेला आणि कोरडा असेल तर तिची कमाई असते, कारण सुका माल विकून येणारा पैसा तिचा असतो. म्हणून बाटल्या विसळून, चेपून, झाकण लावून एका गोणीत भरा. डबे धुवून एकात एक बसवा. पुठ्ठा मोडून सपाट करा. एवढं केलं की डिकीत वास येत नाही आणि जागाही फार लागत नाही. या पर्यायाची कमजोर बाजूही सांगते. काही जण पिशवी घेऊन निघतात आणि पानशेत रस्त्याच्या एखाद्या वळणावर काच खाली करतात. आणि ज्यांचे बंगले भाड्याने जातात त्यांचे पाहुणे काहीही परत नेणार नाहीत, त्यांना ते सांगूनही उपयोग नाही.

दुसरा, वसाहतीच्या फाटकाशी एक शेड बांधून तिथे ज्याने त्याने कचरा आणून टाकायचा. समित्यांना हा पर्याय फार आवडतो, कारण एकदा बांधकाम केलं की काम संपलं असं वाटतं. माझा याला विरोध आहे. ज्या शेडमध्ये माणूस नसतो तिथे दुसऱ्याच आठवड्यात मिसळलेल्या कचऱ्याचा ढीग होतो. निघायच्या घाईत असलेला माणूस गाडीतून न उतरता पिशवी फेकतो, ती डब्याच्या बाहेर पडते, आणि तिसऱ्या दिवशी तिथे कुत्र्यांचा अड्डा असतो. शेड हवी, पण कुलपाची हवी, आणि किल्ली कचरा निवडणाऱ्या माणसाकडे हवी.

तिसरा पर्याय हाच माझा आग्रह आहे: सोमवारी सकाळी दोन-तीन जणींनी ढकलगाडी किंवा छोटा टेम्पो घेऊन दारोदार जायचं, केअरटेकरकडून ओला आणि सुका वेगवेगळा बघून घ्यायचा, सुका शेडमध्ये नेऊन निवडायचा, आणि महिन्यातून दोनदा पुण्याकडे पाठवायचा. गुरुवारी एक छोटी फेरी, कारण हल्ली बरेच जण मधल्या वारी येऊन लॅपटॉपवर काम करतात, आणि काही निवृत्त मंडळी आता इथेच राहतात.

याला नमुना लांब शोधायला नको. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी आपलं काम हे काम आहे, हे शहराला मान्य करायला लावलं. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या शहरातल्या दारात येणाऱ्या ताई याच व्यवस्थेतल्या आहेत. या व्यवस्थेतून आपल्याला घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. दारात समोरासमोर कचरा घेतला जातो, त्यामुळे मिसळलेला दिला तर तिथल्या तिथे सांगता येतं. आणि विकाऊ मालाचा पैसा निवडणाऱ्याचा असतो, त्यामुळे ती बाटली बाटली वेचते. ठेकेदाराला वजनावर किंवा फेरीवर पैसे मिळतात. त्याला निवडण्यात रस का असावा?

आपल्याकडे हे काम गावातल्या बचत गटाला द्यावं असं मला वाटतं. पुण्याच्या एजन्सीला देऊ नये. आपल्या बंगल्यांत झाडलोट करणाऱ्या, केअरटेकरच्या घरातल्या बायका आधीच हा कचरा हाताळतात, फक्त त्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही. त्यांना हातमोजे, गमबूट, ठरलेली मजुरी आणि भंगाराच्या विक्रीवर पूर्ण हक्क द्या. भंगाराचा एक रुपयाही वसाहतीने स्वतःकडे ठेवू नये, हे ठरावातच लिहा.

आता माल कोणता विकला जातो आणि कोणता नाही, हे थोडं सविस्तर लिहिते, कारण व्यवस्था टिकते की बुडते ते यावर ठरतं.

पुठ्ठा, वर्तमानपत्रं, पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या, तेलाचे डबे, शाम्पूच्या जाड बाटल्या, पत्र्याचे डबे, ॲल्युमिनियमचे कॅन हे सगळं भंगारवाला घेतो. पण पुठ्ठा भिजला की संपलं. एकतर घेत नाही, किंवा वजन कापून घेतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो हे मी सांगायला नको. म्हणून शेडला पत्रा हवा, तिन्ही बाजूंना भिंत हवी आणि पुठ्ठा जमिनीपासून वर, फळीवर ठेवायला हवा. दुधाच्या पिशवीला भंगारात किंमत असते. ती कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि थेट मातीत जातो. चीर द्या, दूध ओता, पिशवी विसळून दोरीवर वाळत घाला. घरोघरी एवढं झालं तरी फरक दिसेल.

काच हा आपल्या परिसरातला सर्वांत अवघड माल आहे. ती जड असते, तिला भाव फार कमी मिळतो आणि फुटली की कोणी हात लावत नाही. अख्ख्या बाटल्या खोक्यात उभ्या ठेवल्या तर त्या पुन्हा वापरासाठी जातात. फुटलेल्या मात्र वाहतुकीचा खर्चही भरून काढत नाहीत. मग त्या खड्ड्यात जातात. ज्यांच्या बंगल्यावर पार्ट्या होतात त्यांनी बाटल्या आणल्या त्याच खोक्यात परत ठेवाव्यात, एवढंच मागणं आहे. ते खोकं फेकायचं नाही, कोरडं जपून ठेवायचं.

चिप्स-बिस्किटांची पाकिटं, टोमॅटो सॉसच्या पुड्या, चकचकीत रॅपर हा माल भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. स्वच्छ भारत मिशनमध्ये दर तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद केली गेली. तिथे प्लास्टिक झटकून स्वच्छ करायचं, बारीक करायचं आणि त्याच्या गाठी बांधायच्या अशी कल्पना आहे. बारीक केलेलं प्लास्टिक डांबरी रस्त्यांत वापरता येतं, आणि पुनर्वापर न होणारं सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून पाठवता येतं. राजगड तालुक्याच्या (आपण अजून वेल्हेच म्हणतो) गटविकास अधिकाऱ्यांना सर्व वसाहतींनी मिळून एक पत्र द्यावं, आमचा असा माल कोरडा आणि निवडून आम्ही केंद्रापर्यंत पोचवतो, तुम्ही घ्या. एकेकट्या वसाहतीचं कोणी ऐकणार नाही. दहा-पंधरा वसाहतींच्या सह्या असतील तर ऐकावं लागेल.

डायपर, सॅनिटरी पॅड, जुनी औषधं, बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट यातलं काहीही इथे मागे ठेवू नका. याला मी कोणताही पर्याय देत नाही. निवडायला बसलेल्या बाईच्या हाताखाली हे येता कामा नये. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं, ही पद्धत पुण्यात २०१७ पासून सांगितली जाते. तसंच गुंडाळून पुण्याला न्या आणि तिथे वेगळं द्या.

ओल्या कचऱ्यासाठी फार लिहायची गरज नाही. आपल्याकडे जागा आहे, माती आहे, पालापाचोळा आहे. तो आपल्याच आवारात जिरला पाहिजे. पालापाचोळा जाळू नका, तो खताच्या खड्ड्यात ओल्यावर पसरा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून जमिनीवर विटांचा हौद करून वर पत्रा टाका. मटणाची हाडं आणि मासळीचे काटे मात्र खोल पुरा, नाहीतर रानडुकरं बाग उकरून टाकतात.

भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांबद्दल स्पष्ट लिहिते, मग कोणाला राग आला तरी चालेल. एका कुटुंबाच्या बंगल्यात दोन दिवसांत एक गोणी होते. वीस जणांचा ग्रुप उतरला की त्याच आकाराच्या बंगल्यातून पाच-सहा निघतात. त्यातच पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोकेच्या खोके असतात, आणि १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या प्लास्टिकच्या प्लेट आणि चमचेही असतात. ज्यांना बंगल्यापासून उत्पन्न मिळतं त्यांनी संकलनाचे तिप्पट पैसे द्यावेत. पाण्याचे वीस लिटरचे जार आणि स्टीलची ताटं बंगल्यात ठेवणं वसाहतीच्या नियमात यावं. पाहुण्यांना दोष देऊन काही होत नाही. ते पुन्हा इथे येतील न येतील. बंगला आणि बुकिंगचे पैसे मालकाचे आहेत, म्हणून जबाबदारीही मालकाचीच.

"आम्ही दोन महिन्यांतून एकदा येतो, आम्ही दरमहा पैसे का द्यायचे?" हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. आपण वॉचमनचा पगार वर्षभर देतो, कारण चोर आपलं वेळापत्रक बघून येत नाही. निवडणाऱ्या बायकांची मजुरीही आपल्या येण्याजाण्यावर ठेवली तर पावसाळ्यात, गर्दी कमी असताना, त्या दुसरं काम धरतील आणि नाताळच्या गर्दीत आपल्याकडे माणूस नसेल. सुट्टीच्या वस्तीत कचरा चढउताराचा असतो. म्हणूनच पैसा सपाट लागतो.

पैशाचा अंदाज देते. साठ बंगल्यांच्या वसाहतीत दर बंगल्याला महिना ३०० रुपये धरले तर १८,००० जमतात. दोन बायका, आठवड्याला दोन दिवस, रोज ६०० रुपये मजुरी, याचे महिन्याला साधारण १०,४०० होतात. सिंहगड रस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानांपर्यंत टेम्पोच्या दोन फेऱ्यांना ५,००० धरा. उरलेल्या २,६०० रुपयांत गोण्या, हातमोजे, साबण, शेडची डागडुजी भागते. भाड्याच्या बंगल्यांचे जास्तीचे पैसे आले तर तिसरी बाई ठेवता येईल. वसाहत लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन वसाहतींनी एकच शेड आणि एकच टेम्पो करावा. खरं तर मोठ्या वसाहतींनीही तेच करावं. महिना ३०० रुपये आपल्यापैकी कोणाला जड जातील असं मला वाटत नाही. पुण्याहून इथे येण्याजाण्याच्या एका खेपेच्या पेट्रोलपेक्षा ते कमी आहेत.

सरपंच मंडळींना एक विनंती. आम्ही हे करतो आहोत म्हणून ग्रामपंचायतीने आपली घंटागाडी आमच्याकडे पाठवणं थांबवलं तर माझी तक्रार नाही. तो वेळ आणि ते डिझेल गावाला द्या. शेडसाठी गायरानातली किंवा रस्त्याकडेची जागा मागायला आम्ही येणार नाही, शेड आमच्याच हद्दीत होईल. फक्त गावातल्या घरांचा सुका मालही त्याच टेम्पोतून जावा असं तुम्हाला वाटलं तर तसं सांगा. त्याचा वेगळा खर्च गावाकडून घेऊ नये, असं मी आमच्या समितीत मांडणार आहे.

समित्यांच्या सोयीसाठी ठरावाचा मसुदा इथेच देते. तो असाच्या असा विषयपत्रिकेत घ्या, आणि आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका.

"असे ठरले की, दिनांक १ ऑक्टोबरपासून वसाहतीतील सर्व बंगल्यांमधील सुका कचरा दर सोमवारी व गुरुवारी दारातून वेगळा गोळा करण्यात यावा. हे काम स्थानिक महिला बचत गटास ठरलेल्या मजुरीवर देण्यात यावे व भंगार विक्रीचे संपूर्ण उत्पन्न त्या गटाचे राहील. यासाठी प्रत्येक बंगलाधारकाकडून दरमहा ३०० रुपये व भाड्याने देण्यात येणाऱ्या बंगल्याकडून दरमहा ९०० रुपये देखभाल खर्चासोबत घेण्यात यावेत. वसाहतीच्या आवारात व आवाराबाहेर कचरा जाळण्यास मनाई राहील. जाळल्याचे आढळल्यास जबाबदारी केअरटेकरची नसून संबंधित बंगलाधारकाची राहील."

शेवटचं वाक्य कृपया कोणी वगळू नये. आमच्या वसाहतीच्या सभेत सूचक म्हणून मी उभी राहणार आहे, अनुमोदक हवा आहे. इतर वसाहतींत ज्यांना हे मांडायचं असेल त्यांनी सभेच्या चौदा दिवस आधी समितीकडे लेखी द्यावं, आणि आपल्या केअरटेकरला त्या दिवशी सभेत बसायला बोलवावं. सोमवारी फाटक तेच उघडणार आहेत.

आपली,
पानशेतजवळच्या एका वसाहतीतली बंगलाधारक
मुक्काम कोथरूड, पुणे